दख्खनचा काळा कातळ: कुठून आला, किती जुना, आणि वय कळतं तरी कसं?

घाटात लोकांना खडक दाखवायला घेऊन गेलं की प्रश्न साधारण तेच येतात, विचारणारे तेवढे बदलतात. ते प्रश्न इथे ज्या शब्दांत कानावर पडले त्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत. वयाबद्दलची तर फारच.

दख्खन ट्रॅप म्हणजे काय? 'ट्रॅप' म्हणजे सापळा ना?

नाही. स्वीडिश भाषेत 'ट्राप्पा' म्हणजे जिना, त्यावरून हा शब्द आला. पावसाळ्यात माळशेज किंवा वरंध घाटात समोरचा डोंगर बघा. उभा काळा कडा, त्यावर हिरवा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. कडा म्हणजे लाव्हाच्या थराचा टणक भाग आणि उतार म्हणजे लवकर झिजणारा मऊ, सच्छिद्र भाग. १८३० च्या दशकात कर्नल साइक्स यांनी इथल्या खडकांवर लिहिलं तेव्हा युरोपात रुळलेला हा शब्द दख्खनला चिकटला तो कायमचा.

आज हा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर दिसतो. मुळात त्याहून बराच जास्त होता. काही झिजून गेला, काही अरबी समुद्राखाली गेला. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग त्यावर उभा आहे. अपवाद म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा बराचसा भाग आणि तळकोकण. गोव्यात त्याची जेमतेम कड पोचते.

जाडी सगळीकडे सारखी नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला हा काळा कातळ, संपला. कोयनेच्या बाजूला रासाटीला तोच सुमारे ९३० मीटर भरला. पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं तसा थर पातळ होत जातो.

असं फक्त आपल्याकडेच झालंय का?

अजिबात नाही. याला 'मोठा अग्निज प्रांत' म्हणतात. व्याख्या ढोबळ आहे: किमान १ लाख चौरस किलोमीटर विस्तार, किमान १ लाख घन किलोमीटर शिलारस, आणि त्यातला बहुतेक १० ते ५० लाख वर्षांच्या एखाद-दुसऱ्या झपाट्यात बाहेर आलेला. सायबेरियातला प्रांत सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा, दक्षिण आफ्रिकेतला कारू १८.३ कोटींचा, अमेरिकेतला कोलंबिया नदीकाठचा अगदी अलीकडचा, १.६-१.७ कोटींचा. भारतातच झारखंडच्या राजमहल टेकड्या आहेत, सुमारे ११.७ कोटी वर्षांच्या. म्हणजे दख्खनच्या कितीतरी आधीच्या. दोन्ही काळे, दोन्ही बेसाल्ट, पण नातं काही नाही.

मग ज्वालामुखी होता कुठे? कळसूबाई? हरिश्चंद्रगड?

हा प्रश्न हमखास येतो. शाळेच्या चित्रात ज्वालामुखी म्हणजे शेंड्याला भोक असलेला डोंगर, आणि कळसूबाई तर राज्यात सगळ्यात उंच. पण कळसूबाईचं शिखर हे ज्वालामुखीचं तोंड नव्हे. चहूबाजूंनी कातळ झिजून गेल्यावर मधे उरलेला तो तुकडा आहे. केकचे चारही बाजूंचे तुकडे खाल्ले आणि मधला राहिला, तसा.

इथला शिलारस जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी इथे असंच झालं. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिन्यांत १४-१५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला. तेवढ्याने आइसलँडमधली निम्म्याहून अधिक जनावरं गेली आणि त्यामागून दुष्काळ आला. दख्खनचा एकूण शिलारस १० लाख घन किलोमीटरच्या वर असावा असा अंदाज आहे.

भेगा दिसतात का? दिसतात. शिलारस भेगेतच थिजला की खडकाची उभी भिंत तयार होते, तिला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे बसमधून जाताना माळावर एखादी टेकडी कोणीतरी मुद्दाम बांध घातल्यासारखी सरळ रेषेत किलोमीटरच्या किलोमीटर पळताना दिसते. ती भिंत आजूबाजूच्या खडकापेक्षा चिवट, म्हणून मागे राहिली.

लोणारचं काय?

लोणार हे उल्कापाताचं विवर आहे. आधीच थिजून गेलेल्या बेसाल्टवर वरून येऊन आदळलेलं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्याच्या वयाचा किस्सा मात्र इथे सांगण्यासारखा आहे. एका पद्धतीने वय ५० हजार वर्षांच्या आसपास आलं आणि तेच बरीच वर्षं फलकांवर झळकत राहिलं. पुढे आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. विवर तेच, आकडा दहापट. म्हणून कोणी 'अमुक इतकी वर्षं जुनं' म्हटलं की मी आधी विचारतो, कुठल्या घड्याळाने?

एवढा शिलारस आला कुठून?

सर्वात जास्त मानलं जाणारं उत्तर म्हणजे रियुनियन. मॉरिशसजवळचं हे बेट. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर जागा होतो. प्रावरणात खोलवरून तापलेल्या खडकाचा एक स्तंभ वर येतो आणि तो साधारण जागचा हलत नाही. वरून भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन त्या स्तंभावर होती, विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला.

पुरावा समुद्रात आहे. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मग मॉरिशस, शेवटी रियुनियन अशी बेटांची आणि बुडालेल्या डोंगरांची रांग नकाशावर दिसते. १९८७ साली समुद्रतळाला भोकं पाडून तिथले खडक काढले, तेव्हा दक्षिणेकडे जावं तसं वय कमी होत गेलेलं आढळलं. शिवणयंत्राची सुई जागीच असते, खालून कापड सरकतं आणि टाक्यांची ओळ पडते. इथे फक्त सुई खालून टोचतेय.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून वेगळा होत होता. काही अभ्यासकांच्या मते जमीन ताणली गेली, पातळ झाली, वरचा भार कमी झाला, आणि खालचा गरम खडक त्यामुळेच वितळला. मग स्तंभाची गरजच काय? मला स्वतःला बेटांची रांग नुसता योगायोग म्हणून बाजूला सारता येत नाही. पण नर्मदा-तापीच्या जुन्या भेगांनी शिलारसाला वाट करून दिली हेही तितकंच खरं आहे.

दगडाचं वय काढतात कसं? कोणी पाहिलंय?

दुसरा प्रश्न बहुतेक गंमतीत येतो, पण प्रश्न रास्त आहे.

खडकात थोडं पोटॅशियम असतं आणि त्यातला अगदी किंचित भाग किरणोत्सारी पोटॅशियम-४० चा. तो ठरावीक वेगाने मोडतो. १२५ कोटी वर्षांत निम्मा. मोडलेल्यातला दहावा हिस्सा आर्गॉन वायू होतो, बाकीचा कॅल्शियम. लाव्हा पातळ असतो तोवर आर्गॉन निसटून जातो, थिजला की स्फटिकात अडकून साचत जातो. किती पोटॅशियम आहे आणि किती आर्गॉन साचलाय हे मोजलं की खडक कधी थिजला ते कळतं.

अडचण अशी, की आपल्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम मुळातच कमी. त्यात सहा-साडेसहा कोटी पावसाळे, शिवाय वर हजार मीटर कातळाचं ओझं आणि आतून झिरपणारं गरम पाणी. आर्गॉन गळतो. मडक्याला चीर असेल तर साचलेल्या पाण्यावरून किती वेळ नळ चालू होता ते सांगता येईल का? १९६०-७० च्या दशकांत या पद्धतीने दख्खनची वयं काढली तेव्हा कुठे ४ कोटी आलं, कुठे ८ कोटी. त्यावरून काहींनी निष्कर्ष काढला की इथे कोट्यवधी वर्षं लाव्हा वाहत होता. दोष घड्याळाचा, आळ लाव्हावर.

मग आर्गॉन-आर्गॉन पद्धत आली. नमुना अणुभट्टीत ठेवायचा. न्यूट्रॉनच्या माऱ्याने नेहमीच्या पोटॅशियम-३९ चा थोडा भाग आर्गॉन-३९ मध्ये बदलतो. म्हणजे पोटॅशियम मोजायचं कामही आर्गॉनच करतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच कणात मोजता येतात. मुंबईतल्या आयआयटीचे नमुने यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अणुभट्टीत जातात. त्यानंतर नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात. गळका भाग कमी तापमानालाच आपला आर्गॉन सोडतो आणि खोटं वय देतो. पुढचे टप्पे एकामागून एक तेच वय देऊ लागले की त्यावर विश्वास ठेवायचा.

तांबड्या मातीवरून वय काढतात म्हणे?

हो, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

आंबेनळी घाटातून महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना कापलेल्या डोंगरात काळ्याच्या मधे विटकरी पट्टा दिसतो. कुठे वीतभर, कुठे हातभर. बोटाने खरवडला तर भुगा निघतो आणि पावसात रस्त्यावर लाल ओघळ येतात. एक लाव्हा थिजला, मग बराच काळ शांतता होती, वरचा भाग कुजून माती झाली, वाऱ्याने धूळ आणि राख आणून टाकली, आणि मग पुढचा लाव्हा त्यावर येऊन सगळं भाजून काढलं. हा पट्टा म्हणजे दोन लाव्हांमधली रिकामी वेळ.

त्या राखेत कधीमधी झिर्कॉन या खनिजाचे कण सापडतात. बेसाल्टमध्ये झिर्कॉन सहसा बनत नाही. हे कण दूरवरच्या, वेगळ्या रसायनाच्या स्फोटक उद्रेकांतून उडून आलेले असतात. पोत्यात माती भरायची, पाण्यात घोळून हलकं वाहू द्यायचं, उरलेल्यातून जड खनिजं वेगळी करायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे रंगहीन कण चिमट्याने वेचायचे. तांदूळ निवडण्यासारखंच काम, फक्त एका पोत्यातून मूठभरही येत नाहीत. बऱ्याच पोत्यांतून तर एकही नाही.

पण सापडला तर सोनं. झिर्कॉन तयार होताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला बाहेर ठेवतो. म्हणजे आत जे शिसं सापडेल ते युरेनियम मोडूनच झालेलं. त्यातही दोन घड्याळं एकत्र आहेत. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं ७० कोटी. दोन्हींनी एकच वेळ दाखवली तर घड्याळ बिघडलेलं नाही. ६.६ कोटी वर्षांच्या वयात चूक काही दहा हजार वर्षांची उरते.

२०१५ साली अशा झिर्कॉनवरून चित्र बरंच स्पष्ट झालं. मुख्य उद्रेक सुमारे ६.६३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला. त्याआधीच्या किरकोळ ठिणग्या वेगळ्या. राजस्थानातल्या मुंडवारा आणि सरनू-दंडाली इथले खडक ६.८५ कोटींचे आहेत.

जुन्या पुस्तकांत वेगळं वय का दिलंय?

तेव्हा घड्याळ म्हणजे जीवाश्मच होते. दोन लाव्हांच्या मधे तळी साचली, त्यांच्या गाळात झाडं, गोगलगायी, मासे, बेडूक अडकले. मुंबईत वरळीच्या टेकडीवर सापडलेले बेडूक तर १९ व्या शतकापासून प्रसिद्ध आहेत. १९३४ साली बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या जीवाश्मांवरून दख्खन ट्रॅप डायनासोरनंतरच्या काळातला असल्याचं मांडलं. उलट बाजूला जबलपूरची डायनासोरची हाडं होती, ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना १८२८ मध्ये मिळालेली, ट्रॅपच्या खालच्या लॅमेटा थरातली. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्यालाही डायनासोरचे अवशेष आहेत, त्यांच्या विष्ठेच्या दगडांसह. शाळेच्या सहलीत हा भाग सांगितला की पुढची दहा मिनिटं कोणी दुसरं काही ऐकत नाही.

दोन्ही बाजू एकेका परीने बरोबर होत्या. लाव्हाची ही चळत डायनासोर संपले त्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे.

होकायंत्राचा आणि खडकाच्या वयाचा काय संबंध?

लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे कण त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेकडे तोंड करून थिजतात. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव मधूनमधून उलटतात. सह्याद्रीत खालपासून वर मोजत गेलं तर कातळाचा फार मोठा भाग 'उलटा' आहे आणि महाबळेश्वरच्या वरच्या थरांत तो 'सुलटा' होतो. कोट्यवधी वर्षं लाव्हा वाहिला असता तर उलटसुलट कितीतरी वेळा झालं असतं. १९८६ मध्ये विन्सां कुर्तिलो आणि सहकाऱ्यांनी हाच मुद्दा धरला. हा सगळा प्रकार दहा लाख वर्षांच्या आसपास आटपला असणार, असं त्यांनी मांडलं. नंतरच्या अचूक घड्याळांनी त्यावर शिक्कामोर्तबच केलं.

याच चुंबकीय मोजमापांनी १९५६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. हे खडक थिजले तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता. खंड सरकतात हे तेव्हा फार थोड्यांना पटलेलं होतं.

पोलादपूर, बुशे, भीमाशंकर ही नावं विदेशी शोधनिबंधांत कशी?

कारण सगळे थर डोळ्यांना सारखेच काळे दिसतात. १९८० च्या दशकात परदेशी अभ्यासकांनी आणि मुंबई आयआयटीच्या के. व्ही. सुब्बाराव यांच्यासारख्यांनी घाटाघाटांतून नमुने घेऊन रसायनावरून थर वेगळे केले आणि त्यांना जवळच्या गावांची नावं दिली. खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. बुशेच्या लाव्हात वर येताना कवचाचा जुना खडक बराच मिसळलाय, आंबेनळीचा त्या मानाने शुद्ध.

या रसायनाचा एक विलक्षण उपयोग झाला. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला बेसाल्टचा एक सुटा तुकडा आहे. त्याचं रसायन आंबेनळी आणि महाबळेश्वरशी जुळतं, चुंबकत्व आणि वयही. म्हणजे सह्याद्रीच्या बाजूने निघालेला लाव्हा, बहुधा जुन्या नदीखोऱ्यांतून, सुमारे १००० किलोमीटर वाहत गेला. वरची साय थिजायची आणि तिच्याखालून ऊब टिकवत शिलारस पुढे सरकत राहायचा. पृथ्वीवर माहीत असलेल्या सर्वांत लांब लाव्हांपैकी हा एक.

डायनासोर आपल्या लाव्हाने मेले की उल्केने?

मेक्सिकोतल्या चिकशुलुबचा आघात ६.६०४ कोटी वर्षांपूर्वीचा. विवराचा व्यास १८० किलोमीटरच्या आसपास. आपला लाव्हा त्याच्या अडीच-तीन लाख वर्षं आधी सुरू झालेला होता. म्हणजे 'उल्का पडली म्हणून दख्खन फुटलं' हे तर नक्कीच चूक.

पण उल्का पडली त्या दिवशी सह्याद्रीत कुठला थर वाहत होता? २०१९ च्या फेब्रुवारीत एकाच नियतकालिकात दोन निबंध शेजारीशेजारी आले. प्रिन्स्टनच्या गटाने झिर्कॉनवरून सांगितलं की उद्रेक चार झपाट्यांत झाले आणि पोलादपूरचा मोठा झपाटा आघाताच्या काही दहा हजार वर्षं आधीचा, म्हणजे लाव्हावरचा संशय वाढला. बर्कलीच्या गटाने आर्गॉनवरून सांगितलं की उद्रेक बराचसा सलग होता आणि तीन-चतुर्थांश लाव्हा आघातानंतर आला, म्हणजे संशय कमी झाला. पोलादपूर आधी की नंतर, भांडण एवढंच.

गंमत अशी की दोन्ही गटांच्या आकड्यांत फार तफावत नाही. आघाताची रेघ थरांच्या चळतीत कुठे मारायची यावर वाद आहे, आणि तिथे झिर्कॉनची माती अमुक पट्ट्यात मिळाली की तमुक, यानेही फरक पडतो. माझं मत विचाराल तर मुख्य घाव उल्केचाच. लाव्हाच्या वायूंनी त्याआधी हवामान काही अंशांनी वरखाली केलं होतं, हे समुद्रातल्या गाळावरून दिसतं. पण दोन्हींना निम्मा-निम्मा दोष देऊन मोकळं होण्याची जी पद्धत आहे ती मला पटत नाही.

मुंबईचा खडकही तेवढाच जुना?

थोडा तरुण. अंधेरीची गिल्बर्ट हिल, ते साठेक मीटर उंचीचे खांब, ६ ते ६.२५ कोटी वर्षांचे. मुख्य उद्रेक संपून गेल्यावर किनाऱ्याकडे ज्वालामुखी पुन्हा जागे झाले त्या वेळचे. कर्नाटकातल्या उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटावरही असेच खांब आहेत आणि दोघांचे फोटो एकाच माहितीखाली फिरत असतात. ते सुमारे ९ कोटी वर्षांचे आहेत, दख्खन ट्रॅपचे नव्हेत.

विहिरीत सापडणाऱ्या गारगोट्या, मांजऱ्या, मुरूम हे सगळं एकाच वयाचं का?

नाही. मांजऱ्या म्हणजे लाव्हाचा फुगेफुगे असलेला भाग, तो लाव्हाएवढाच जुना. विहीर खणणारे मांजऱ्या लागला की खूश होतात, कारण पाणी तिथून झिरपतं, घट्ट काळ्या पाषाणातून नाही. त्या फुग्यांत नंतर गरम पाण्यातून स्टिल्बाइट, अपोफिलाइट, गारगोटी अशी खनिजं वाढली. ती खडकापेक्षा तरुण. मुरूम, काळी माती आणि कोकण-पाचगणीचा जांभा ही सगळी त्याच कातळाची कुजून झालेली रूपं, त्याहूनही नंतरची.

पुन्हा उद्रेक होईल का? वज्रेश्वरीला गरम पाणी आहे.

नाही. ज्या जागेवर हे घडलं तिथून आपण हजारो किलोमीटर उत्तरेला आलोय. वज्रेश्वरीचं पाणी खोल भेगांत जाऊन तापून वर येतं, त्याला शिलारस लागत नाही.

माझ्याकडे एक दगड आहे. त्याचं वय काढून मिळेल का?

वरून तपकिरी, आतून हिरवट झाला असेल तर नाही, आर्गॉन केव्हाच गेलेला असतो. हातोडीने फोडल्यावर आत ताजा, निळसर काळा निघाला तर पुढे बोलता येईल. मग मी विचारतो, दगड कुठून उचलला? कुठला घाट, किती उंचीवर, तांबड्या पट्ट्याच्या वर की खाली? बहुतेक वेळा उत्तर येतं, "रस्त्याच्या कडेला पडला होता." रस्त्याच्या कडेची खडी ट्रकमधून आलेली असते, आणि ट्रक कुठल्या खाणीतून आला ते दगडावर लिहिलेलं नसतं.